सात इंच

ओटा सासूबाईंच्या मापाचा होता.
अठ्ठावीस इंच. कोटा दगड, कडेला कडप्प्याची पट्टी.
दांडिया बाजार सोडून कारेलीबागेत आले तेव्हा
त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला.
त्या चार फूट आठ.
म्हणाल्या म्हणे, आता कसं सगळं हाताशी आलं.
आलं होतंच. त्यांच्या.

मी पाच फूट सहा.
लग्नात फोटोग्राफरनं मला एक पायरी खाली उभं केलं.
मामी कानाशी लागली, मान जरा खाली घे, लाजल्यासारखी,
तेवढाच इंचभर जातो.
फोटोत मी फार लाजलेली दिसते.

पुढची एकोणतीस वर्षं
त्या ओट्यावर किती पोळ्या लाटल्या, मोजलं नाही.
असलं कुणी मोजत नाही.
पाठ मात्र एकदा दाखवली.
रावपुऱ्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला,
म्हणाले, वयाप्रमाणे आहे. कॅल्शियम घ्या.
मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची.

मग हे रिफायनरीतून रिटायर झाले.
पहिला महिना वर्तमानपत्र,
दुसरा पासबुकं,
तिसऱ्यात एका सकाळी उठून म्हणाले, आज पोहे माझ्याकडे.
आणि करायला लागले, रोज. खरंच सांगते, मनापासून.
मोहरी जळायची, दाणे कच्चे राहायचे,
पण वरून खोबरं पेरताना
चेहरा असा व्हायचा, की मी दारातच थांबायची.

नवव्या दिवशी कंबर धरून बसले.
अकराव्या दिवशी रमणभाई कडिया हजर.

टेप ह्यांच्या कोपरापासून फरशीपर्यंत सोडला.
पस्तीस राखू, साहेब?
राखा.
माझं कोपर फार तर दीड इंच खाली असेल ह्यांच्यापेक्षा.
मी चहाचा ट्रे घेऊन मधेच उभी होते.
रमणभाई म्हणाले, बेन, जरा बाजूला.

राबिट उचलायला दाहोदकडची एक मजूर होती, कमळी.
डोक्यावर तगारी, तगारीत जुना ओटा,
एका तुकड्यावर माझा हळदीचा डाग,
ब्लीचलाही न बधलेला.
दाराशी थांबली, मला पायापासून वरपर्यंत पाहिलं.
‘बेन, तमे तो ऊंचां छो.
आटलां वरस केम रांध्युं?’

इतकी वर्षं कसं रांधलंत.
या घरात कुणी विचारलं नव्हतं.
कुणी काय, मीही नाही.
मी तिला पाणी दिलं. माठातलं, गार.
दुसरं काय सुचणार होतं.

आता काळा ग्रॅनाइट. तोंड दिसतं त्यात.
हात अजून सवयीनं खाली जातो
आणि ड्रॉवरच्या कडीला आपटतो.
कणीक मळताना मी सरळ उभी असते
आणि कुणाचं तरी काही उचलून आणल्यासारखं वाटतं.
खिडकीची खालची चौकट पूर्वी डोळ्यांसमोर यायची,
आता तिच्यावरून पलीकडचं दिसतं,
समोरच्या स्वयंपाकघरात ज्योत्स्नाबेन रोटला थापतात.
दिसतो नुसता अंबाडा.

लेकीला बंगळुरूला फोन लावला. म्हटलं, तुझा ओटा माप.
आई, आम्ही कुठे एवढं घरी करतो, ती म्हणाली,
आणि तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

दिवाळीला नणंद आली.
ग्रॅनाइटवरून तळवा फिरवला, वा, दादा!
हे म्हणाले, हिच्यासाठी करून घेतला.
पाठ दुखायची ना हिची.
खोटं बोलत नव्हते. मी नीट निरखून पाहिलं.
त्यांना तसंच आठवत होतं.

मी गाळणीतलं आलं चमच्यानं दाबलं,
शेवटचा थेंब येईपर्यंत,
आणि विचारलं,
वन्सं, साखर?